राक्षसालाही श्वास लागतो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचं पाबळ हे शिरूर तालुक्यातलं, पावसाच्या भरवशावर जगणारं गाव. मे महिन्यात इथं पाण्याचा विषय निघाला की माणसं आपोआप आवाज खाली आणतात. अशा गावात आणि अशा महिन्यात माझा भाचा सतरंजीवर समुद्र मांडून बसला होता. मोठा कागद, त्यावर निळ्या पेन्सिलीनं रंगवलेलं पाणी, मधे दोन बेटं, काडेपेटीची केलेली होडी. भोवती गावातले त्याचे दोन मित्र. हातात फासे होते, पण आपल्या सोंगट्यांच्या फाशांसारखे नव्हते. एकाला चक्क वीस बाजू होत्या.

मला पाहून तो म्हणाला, "मामू, तुम्ही कवी आहात ना? या जनावराला एक मराठी नाव द्या." त्यानं वहीचं पान पुढं केलं. पानावर हंसासारखी मान वर काढलेला, सुळे विचकणारा एक समुद्रराक्षस होता. लांबी शंभर फूट. तोंडातून वाफ.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाची आणि माझी ताटातूट शाळेतच झाली. तरी नाव द्यायचं तर ज्याला द्यायचं त्याची ओळख हवी. म्हणून मी विचारलं, "अरे, हा श्वास कुठून घेतो?" भाच्याकडं उत्तर नव्हतं. त्या एका प्रश्नानं आमची सुट्टी कारणी लागली.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. यात एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे गोष्टीतली पात्रं. सूत्रधार प्रसंग सांगतो, "समोर डोह आहे, पाणी हललं." खेळाडू आपण काय करणार ते सांगतात आणि ते साधलं की फसलं हे फासा ठरवतो. हरणं-जिंकणं फारसं नसतं. गोष्ट पुढं नेणं हाच खेळ. आपल्याला हे अगदी परकं वाटू नये. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं असतात आणि त्यांत मत्स्य आणि कूर्म यांची स्वतंत्र पानं असतात. खेळाचं नाव फारसी, पानांवर विष्णूचे अवतार. पाण्यातल्या अद्भुत जीवांना खेळात आणायची रीत आपल्याकडं जुनीच आहे.

या अमेरिकी खेळात राक्षसांचा एक वेगळा ग्रंथच असतो. प्रत्येकाची ताकद, वेग, घाव सोसायची क्षमता आकड्यांत मांडलेली. गंमत अशी की त्यातले काही राक्षस खेळण्यांच्या पिशवीतून आले. 'प्रागैतिहासिक प्राणी' म्हणून विकली जाणारी स्वस्त, चमत्कारिक आकारांची प्लॅस्टिकची जनावरं गायगॅक्सना दुकानात मिळाली. ती कुठल्याच खऱ्या प्राण्यासारखी नव्हती. त्यांतल्याच एकाचा लोखंडाला गंज चढवून ते खाणारा राक्षस झाला. पण १९७७ च्या राक्षसग्रंथात खरे प्राणीही होते. इलॅस्मोसॉरस, प्लेसिओसॉरस, मोसासॉरस हे सगळे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात खरोखर पोहणारे सरपटणारे जीव. माझ्या भाच्याचा राक्षस त्यांच्याच वंशावळीतला, फक्त चार हातांनी फुगवलेला.

या जीवांची ओळख मी त्याच्याच पुस्तकांतून करून घेतली. ते डायनोसॉर नव्हेत. ही जमिनीवरच्या सरीसृपांचीच कुळं, पण पाण्यात परत गेलेली. त्यांतली तीन कुळं मोठी. एक इक्थिओसॉर, अंगानं माशासारखे किंवा डॉल्फिनसारखे. दुसरे प्लेसिओसॉर, चार वल्ह्यांचे. त्यांतल्या अनेकांची मान लांबच लांब. तिसरे मोसासॉर, हे आपल्या घोरपडीचे आणि सापांचे दूरचे भाऊबंद. इक्थिओसॉर सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी संपले. उरलेल्या दोघांचा शेवट सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबर झाला.

पाबळची विहीर खणताना यांतला एकही सापडणार नाही. आमच्याकडं माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा आणि तो वाहिला तो काळ याच जीवांच्या अखेरीच्या आसपासचा. लाव्ह्यात मासोळीचा सांगाडा कुठून टिकणार? पण फार दूर जायला नको. गुजरातमध्ये कच्छात, भुजजवळच्या लोडाई गावाच्या परिसरात, एका इक्थिओसॉरचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या भारतीय व जर्मन सहकाऱ्यांनी २०१७ साली तो जगापुढं मांडला. वय सुमारे पंधरा कोटी वर्षं, लांबी अंदाजे साडेपाच मीटर. दातांच्या झिजेवरून संशोधकांनी ताडलं की तो कठीण कवचाचे जीव खात असावा. त्यात ॲमोनाइट आले. आणि ॲमोनाइट म्हणजे कोण? आपल्या देवघरांत गंडकी नदीतून आलेला जो शाळिग्राम असतो, त्याच्या पोटातलं चक्र म्हणजे ॲमोनाइटचा शंख. एकाच्या पुढ्यातलं अन्न दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात! कवीला यापेक्षा काय हवं?

भाचा मात्र हिरमुसला. "साडेपाच मीटर? म्हणजे अठराच फूट? मामू, याला कोण घाबरणार?"

इथं मला माझा धंदा आठवला. नवशिका कवी चंद्राला अजून मोठा करतो, डोळ्यांचे सागर करतो आणि कविता फुगून फुटते. उपमा पोसते ती खऱ्या निरीक्षणावर. मी त्याला म्हटलं, "तुझी काडेपेटीची होडी किती फुटांची?" तो म्हणाला, "बारा." मी म्हटलं, "मग अंधारात अठरा फूट पुष्कळ झाले. लांबी सोड. हा खरा कसा होता ते खेळाच्या नियमात बसव."

मग आम्ही एकेक खरी गोष्ट घेतली आणि तिचा नियम केला.

पहिली गोष्ट श्वासाची. या सगळ्या जीवांना फुप्फुसं होती. कितीही खोल गेले तरी हवेसाठी त्यांना वर यावंच लागे. खेळाच्या २०१४ च्या ग्रंथात प्लेसिओसॉरसला तासभर श्वास रोखता येतो असं लिहिलंय. पण श्वास तासभर पुरत असेल तर चार घटकांच्या लढाईत त्याला अर्थच उरत नाही. आम्ही ठरवलं, दर दहा पाळ्यांनी याला वर यावंच लागेल. आता खेळाडूंच्या हाती तलवारीखेरीज आणखी एक हत्यार आलं. ते म्हणजे मोजणं आणि थांबणं.

दुसरी डोळ्यांची. लोडाईचा जीव ज्या कुळातला, त्यातल्या ऑफ्थॅल्मोसॉरसचा डोळा वीस सेंटिमीटरहून मोठा होता. म्हणजे जेवायच्या ताटलीएवढा! भोवती हाडाचं कडं. मंद उजेडात शिकार करायची ही तयारी. म्हणून नियम असा की अंधारात याचा फासा चुकत नाही, पण एकदम लख्ख मशाल पेटली की तो बिचकतो. यातला बिचकण्याचा भाग आमच्या पदरचा. तो तसा आहे हे वहीत लिहून ठेवलं.

तिसरी मानेची. भाच्याच्या चित्रातली हंसाची मान मोडावी लागली. इलॅस्मोसॉरसच्या मानेत ७२ मणके होते. माणसाच्या मानेत सात असतात. पण एवढी जड मान पाण्याबाहेर उंच उभारणं त्याला जमलं नसावं, असं अभ्यासक सांगतात. ती पाण्यातच पुढं सरकायची. भाच्याला हे आधी पटेना, मग त्याचेच डोळे चमकले. "म्हणजे आधी छोटं डोकं दिसेल, खेळाडूंना वाटेल जनावर लहान आहे. धड मागून येईल!" हंसाच्या मानेपेक्षा ही भीती कितीतरी पक्की. त्याच ग्रंथात प्लेसिओसॉरसला जमिनीवर एका पाळीत वीस फूट चालायची मुभा आहे. ती आम्ही काढून घेतली. वल्ह्यांवर एवढा देह पेलत नाही.

चौथी मोसासॉरची. त्याच्या टाळूवर दातांची आणखी एक रांग असे, सापांना असते तशी. पकडलेलं भक्ष्य आत ओढायला ती उपयोगी. नियम असा झाला की एकदा पकडलं की दर पाळीला सुटका अवघड होत जाते.

तुम्ही म्हणाल, पोरांच्या खेळात एवढा काटेकोरपणा कशाला? आमच्या गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना हातानं काम करत शिकवायचं, हे त्याचं सूत्र. वेल्डिंग करताना भूमिती कळते, शेळीचं वजन घेताना गणित कळतं. भाच्याचंही तेच झालं. नुसतं वाचून त्याला मोसासॉर लक्षात राहिला नसता. त्याचा राक्षस करायला बसला तेव्हा त्याला त्याचा जबडा समजून घ्यावा लागला.

आणि चूक फक्त पोरांचीच होते असं नाही. १८६८ मध्ये एडवर्ड कोप या मोठ्या अमेरिकी शास्त्रज्ञानं इलॅस्मोसॉरसचा सांगाडा जुळवला आणि डोकं शेपटीच्या टोकाला बसवलं! जोसेफ लेडी यांनी चूक दाखवल्यावर कोपनं छापलेल्या प्रती परत गोळा करायचा प्रयत्न केला. हाडं खरी होती, जोडणी खोटी. तरी विज्ञानाची एक गोष्ट मला आवडते. तिथं चुकलेलं डोकं काढून जागेवर बसवता येतं.

गोष्टींच्या जगात ते इतकं सोपं नसतं. आमच्या पाबळात मस्तानीची कबर आहे. कुणी तिला समाधी म्हणतं, कुणी मजार. बाजीरावांनी पाबळ, केंदूर, लोणी ही गावं तिला दिली होती. १७४० मध्ये बाजीराव गेले आणि पाठोपाठ तीही गेली. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ च्या पानिपतात मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि त्या जखमांनी गेला. खात्रीनं सांगावं असं तिच्याबद्दल फार थोडं आहे. पण लोकांनी त्यावर केवढा देह चढवला! कुणी तिची मोहिनी केली, कुणी पेशव्यांना बुडवणारी बया केली. पान खाल्लं की गळ्यातून उतरणारा रस दिसायचा म्हणे. ती काय खात होती, कशाला भीत होती, मुलाला कुठल्या भाषेत झोपवत होती, हे कुणी विचारत नाही. ज्याची आपल्याला काहीच माहिती नाही त्याच्याविषयी माणसं किती ठामपणे बोलतात, हे मी माझ्या नावापायी लहानपणापासून अनुभवत आलोय. म्हणून भाच्याच्या वहीतल्या राक्षसाकडंही मला नुसतं खेळ म्हणून बघता येईना. राक्षस करायचा तर कर, पण आधी त्याचा श्वास शोध.

नावही मग श्वासावरूनच सुचलं. मी म्हटलं, "याचं नाव 'उसासा' ठेव. तो दिसायच्या आधी पाण्यावर त्याचा उसासा ऐकू येतो."

त्या रात्री लाइट गेली होती. बॅटरीच्या उजेडात खेळ रंगला. उसाशानं होडीला दोनदा धडक दिली. एका मित्राला भाला फेकायची घाई झालेली. दुसरा शेतकऱ्याचा पोरगा, म्हणाला, "थांब रे. म्हस डोहात बुडते तशीच गत. वर येईलच की." त्यांनी पाळ्या मोजल्या. आठ, नऊ, दहा. भाच्यानं आवाज खाली आणला, "पाणी फुगलं. उसासा ऐकू आला. तो वर आलाय, पण हलत नाही. पोटाखालून एक लहानशी शेपटी बाहेर आलीय."

हेही खरंच आहे. इक्थिओसॉर अंडी घालायला किनाऱ्यावर जात नसत; पिल्लू पाण्यातच जन्मे. पोटात पिल्लं असलेल्या माद्यांचे सांगाडे मिळालेत. हे मी भाच्याला सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच शोधलं होतं.

भालेवाल्याच्या हातात वीस बाजूंचा फासा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं त्यानं फासा सतरंजीवर ठेवला, टाकला नाही. म्हणाला, "वल्ही मारा हळूच. जाऊ दे तिला."

भाच्यानं वही उघडली, 'तो' खोडून 'ती' केलं आणि मला विचारलं, "मामू, घाव सोसायचा आकडा किती लिहू?"

मी म्हटलं, "तो सवडीनं लिही."