हात आखडता कुठे घ्यावा: घरी बांधलेले होम थिएटर स्पीकर

तयार होम थिएटर संचाच्या किमतीत आवाज निर्माण करणाऱ्या भागांचा वाटा ग्राहकाला वाटतो त्याहून बराच कमी असतो. पेटीची घडण, वरचे गुळगुळीत फिनिशिंग, वजनदार खोक्यांची वाहतूक, जाहिरात आणि विक्रेत्याचे कमिशन यांतच किमतीचा मोठा हिस्सा संपतो. स्पीकर स्वतः बांधणाऱ्याची बचत होते ती या हिश्श्यात, आणि म्हणूनच कोणत्या भागावर हात आखडता घ्यावा व कोणत्या भागावर मुळीच घेऊ नये, हे लाकूड कापण्याआधीच ठरवावे लागते.

स्पीकरचा गाभा म्हणजे ड्रायव्हर. कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू, त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे आणि त्याभोवतीचे चुंबक मिळून तो बनतो. वेटोळ्यातून विद्युतप्रवाह गेला की ते चुंबकाच्या फटीत पुढेमागे हलते आणि शंकू हवेला ढकलतो. जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडलेली ही रचना आजही मूलतः तशीच आहे. शंकूच्या पाठीमागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या नेमकी उलट असल्याने उघड्यावर ठेवलेल्या ड्रायव्हरचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, आणि पेटी लागते ती त्यासाठी. ही पेटी केवढी असावी हे बराच काळ अंदाजाने ठरत असे. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि त्यांच्यानंतर सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकाच्या आरंभी हा अंदाज गणितात बसवला. ड्रायव्हरची नैसर्गिक कंपनसंख्या, ते कंपन किती लवकर शमते हे दाखवणारा अंक आणि त्याच्या टांगणीइतकीच लवचीक ठरणारी हवा किती लिटर हे मान, एवढी तीन मूल्ये हाती असली की पेटीचा आकार कागदावर काढता येतो. ज्या ड्रायव्हरबरोबर ही मूल्ये मिळत नाहीत आणि केवळ ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचे, हजारो वॅट छापलेले असतात, तो फुकट मिळाला तरी महागच पडतो.

पेटीवर मात्र मनसोक्त काटकसर करता येते. समजा, गणिताने सव्वापाच इंची वूफरसाठी, म्हणजे खर्ज व मध्यम स्वरांच्या ड्रायव्हरसाठी, सुमारे 12 लिटरची पेटी निघाली. आतून 18 सेंटिमीटर रुंद, 33 उंच आणि 22 खोल पेटीत 13 लिटर हवा मावते आणि ड्रायव्हर व आतले आधार यांची जागा वजा केली की हिशेब जुळतो. समोर तीन आणि श्रोत्याच्या बाजूंना दोन अशा पाच पेट्यांच्या सगळ्या फळ्या 18 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या 8 बाय 4 फुटी एकाच शीटमधून निघतात, वर आडव्या आधारांसाठी तुकडे उरतात. कापणी प्लायवूडच्या दुकानातील यंत्रावर करून घेतली तर कडा काटकोनात येतात, मग फेव्हिकॉल आणि शिकंजे एवढ्यावर काम भागते. एमडीएफ सर्व दिशांनी एकसारखे असल्याने ते कापायला सोपे. पण त्याच्या कडा पाणी शोषून फुगतात, त्यामुळे कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात सर्व बाजूंनी सीलर लावणे किंवा सरळ चांगले प्लायवूड वापरणे बरे. सनमायका हवा की नको हा डोळ्यांचा प्रश्न आहे, कानांचा नव्हे.

हौशी बांधणाऱ्यांची खरी फसगत होते ती क्रॉसओव्हरपाशी. खर्ज आणि मध्यम स्वर वूफरकडे, तर तार स्वर ट्वीटरकडे पाठवणारे हे मंडल कॉइल आणि कपॅसिटर यांचे असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ते तयारही मिळते, परंतु तयार मंडल कोणत्याही ड्रायव्हरसाठी बनवलेले असल्यामुळे ते नेमके कोणत्याच ड्रायव्हरसाठी बनवलेले नसते. सूत्रानुसार 8 ओहमच्या ट्वीटरला 6.8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की सुमारे 2,900 हर्ट्झखालचे स्वर हळूहळू कमी होऊ लागतात. प्रत्यक्षात ट्वीटरचा रोध प्रत्येक स्वराला बदलत असतो आणि कागदावरचा बिंदू भलतीकडेच सरकतो. त्यात पेटीच्या रुंदीचाही परिणाम मिसळतो: 20 सेंटिमीटर रुंद पेटीभोवती साधारण 600 हर्ट्झखालच्या लहरी वळसा घालून मागे पसरतात, त्यामुळे समोरच्या श्रोत्याला आवाज किरटा वाटतो, आणि ही तूट मंडलानेच भरून काढावी लागते. मोजमापाचा मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू, व्हिट्युइक्सकॅड यांसारखी मोफत सॉफ्टवेअर वापरून हे काम शिकता येते. पहिल्याच प्रयत्नात मात्र एखाद्या जाणत्या अभिकल्पकाने मोजमापांसह प्रसिद्ध केलेला आराखडा जसाच्या तसा बांधणे शहाणपणाचे. ‘तसाच दिसणारा’ दुसरा वूफर त्यात बसवला की तो आराखडा उरतच नाही.

चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून समोरचे तिन्ही स्पीकर एकाच आराखड्याचे असावेत. दोन वूफरच्या मध्ये ट्वीटर असलेला आडवा स्पीकर टीव्हीखाली शोभतो, परंतु सोफ्याच्या टोकाला बसलेल्याच्या कानी दोन्ही वूफरच्या लहरी वेगवेगळ्या वेळी पोहोचतात आणि काही स्वर गळतात. जागा असेल तर तिथेही उभाच ठेवावा. बहुतेक रिसीव्हर सुमारे 80 हर्ट्झखालचे स्वर सबवूफरकडे वळवू शकत असल्याने या पेट्यांना खर्ज वाढवणारी नळी नसली तरी फारसे बिघडत नाही. आराखडा बंद पेटीचा असेल तर बांधकामही सोपे होते.

इतक्या खालच्या स्वरांची दिशा कानाला सहजी कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवता येतो असे म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. 12 फुटी भिंतींमध्ये साधारण 47 हर्ट्झची लहर अडकून घुमते, आणि त्याच खोलीत काही जागी खर्ज धडकी भरवतो, तर काही जागी तो ऐकूच येत नाही. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे: सबवूफर श्रोत्याच्या नेहमीच्या आसनावर ठेवून खर्जाचे संगीत लावावे, भिंतीच्या कडेने जमिनीलगत कान नेत फिरावे, आणि जिथे तो सर्वांत सम आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफरची कायमची जागा करावी.