द्राक्षबागेतून सर्व्हरपर्यंत : निफाडची वीस वर्षं

2003 च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि त्याचा धक्का थेट उगाव, शिवडी, पिंपळगाव बसवंतच्या बागांपर्यंत येऊन पोचला. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्याच्या संगणकीय प्रवासाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी. ज्याला आज आपण क्लाउड म्हणतो त्या जगाशी इथल्या शेतकऱ्याची ओळख झाली ती या धक्क्यामुळे.

आधी अंशतपासणीचा कार्यक्रम सुरू झाला आणि 2006 मध्ये केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही इंटरनेटवर चालणारी प्रणाली आणली. शेतकऱ्याने कृषी खात्याकडे बाग नोंदवायची, मग प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र क्रमांक मिळायचा. नमुना काढायला प्रयोगशाळेचा माणूस बागेत यायचा आणि निकाल प्रणालीत भरला जायचा. अंश मर्यादेबाहेर गेला की त्या प्लॉटच्या मालाची वाट तिथेच अडायची, पुढचं प्रमाणपत्रच निघायचं नाही. युरोपात पोचलेल्या पेटीवरून उलटं मागे येत पॅकहाउस आणि तिथून नेमकी बाग शोधता येऊ लागली. त्याच 2006 साली ॲमेझॉनने मार्चमध्ये साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये सर्व्हर भाड्याने देण्याची सेवा खुली केली होती. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण निफाडचा बागायतदार तेव्हाच दूरच्या सर्व्हरवरच्या नोंदीच्या भरवशावर माल पाठवायला शिकत होता, हे विसरता कामा नये.

2010 मध्ये या व्यवस्थेची मोठी परीक्षा झाली. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचं लिहोसिन, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपातल्या प्रयोगशाळांनी ते शोधून काढलं. कंटेनर अडकले, भाव कोसळले, निर्यातदार आणि शेतकरी दोघंही कर्जात गेले. प्रणाली सांगितलेलं काम चोख करत होती, पण तिला काय तपासायचं हे सांगणारी यादी अपुरी होती. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे प्रकरण शिकवायला हवं. चाचण्या सगळ्या हिरव्या दिसत असतानाही माल बंदरावर कसा अडकतो, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

अशा प्रणालींची कामं करणारी माणसं घडवण्याची तयारी जिल्ह्यात आधीपासून होती. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना साठच्या दशकात आला. ज्यांचं नाव रानवडच्या साखर कारखान्याला आहे, त्या कर्मवीर काकासाहेब वाघांच्या संस्थेने 1984 मध्ये नाशिकला अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. 2001 नंतर एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या बाजारपेठेतल्या गाळ्यापर्यंत आणला. मात्र पदवी हातात पडली की मुलं पुण्याची बस धरत. द्राक्षाच्या पैशावर शिकलेली मुलं परदेशी बँकांचं सॉफ्टवेअर लिहीत आणि बागेचं सॉफ्टवेअर दुसरीकडेच कुणीतरी लिही. ही चुटपुट लागण्यासारखीच गोष्ट आहे.

याला एक ठळक अपवाद नाशिकमध्येच घडला. पियूष सोमाणी यांनी 2005 मध्ये ईएसडीएस ही कंपनी सुरू केली आणि पुढे नाशिकमध्ये स्वतःचं डेटा सेंटर उभारलं. त्यांच्या ‘ईएनलाइट’ या क्लाउडचं वैशिष्ट्य असं, की काम वाढलं की चालू सर्व्हरलाच जादा मेमरी आणि प्रोसेसर मिळतो, काम ओसरलं की तो काढून घेतला जातो. काढणीपुरती पेठ-सुरगाण्याची टोळी बोलवावी, तसंच हे. या तंत्राला अमेरिकेत पेटंट मिळालं. नेटवर्क, साठवण, सुरक्षा, रात्रपाळीची देखरेख ही कामं घरापासून तासाभराच्या अंतरावर शिकता येतात, हे तालुक्यातल्या मुलांना पहिल्यांदाच दिसलं.

सरकारही क्लाउडकडे वळलं. जानेवारी 2018 मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड वापरण्याचं धोरण जाहीर केलं, त्याच वर्षी डिजिटल सहीचा सातबारा आला आणि 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. मुदत संपत आली की सगळे एकदम ॲप उघडतात आणि ‘सर्व्हर डाउन’ हे दोन शब्द चावडीपासून बांधापर्यंत ऐकू येतात. गर्दी कोणत्या दिवशी होणार हे आधीपासून माहीत असताना असं व्हायला नको.

दरम्यान यंत्रं बागेत शिरली होती. निफाडची थंडी सगळ्या राज्याला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतं. पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि ठिबक चालू केलं जातं. पण केंद्रातला पारा आणि नदीकाठच्या सखल बागेतला पारा सारखा नसतो. ‘फसल’, ‘फायलो’ अशा कंपन्यांची उपकरणं आता प्लॉटमध्येच तापमान, मातीचा ओलावा आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजतात. आकडे क्लाउडवर जातात आणि डावणी किंवा भुरी या रोगांचा धोका वाढल्याची सूचना मोबाइलवर येते. फवारणी गरजेपुरतीच झाली तर खर्च वाचतो आणि अंशांची धास्तीही कमी होते. 2003 पासूनचं दुखणं हेच तर होतं.

शेतीच्या सॉफ्टवेअरच्या कामात पुढे जायचं तर लिनक्स, डेटाबेस आणि एखाद्या क्लाउडचं प्रमाणपत्र लागतंच, आणि ते आता गावात बसून मिळवता येतं. त्याहून दुर्मिळ आहे ती बागेची समज. निफाडात ‘बाग किती दिवसांची?’ असं विचारतात आणि उत्तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून मोजून देतात. जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग, विरळणी, फवारणी सगळं त्या दिवसांवर चालतं. उलट औषधाचा शेवटचा हात काढणीच्या तारखेपासून मागे मोजावा लागतो. एकाच शेतकऱ्याच्या दोन प्लॉटची छाटणी पंधरा दिवसांच्या फरकाने झालेली असू शकते. ज्याने शेतकऱ्याच्या नावापुढे एकच तारीख ठेवून तक्ता आखला, त्याचं ॲप दुसऱ्या प्लॉटला चुकीच्या दिवशी औषध सांगतं. उगाव-शिवडीत वाढलेल्या मुलीला हा तक्ता प्लॉटवार आखायला कुणी शिकवावं लागत नाही, आणि शेतीच्या सॉफ्टवेअरला नेमकी तिचीच गरज आहे.