पेटीवरचा कलावती आणि जॅझ

आचोळ्यापासून वसईपर्यंतच्या आपल्या गावांना ट्रंपेट आणि सॅक्सोफोन काही नवे नाहीत. ख्रिस्ती लग्नाच्या वरातीत बँड आला की ही वाद्ये कानावर पडतातच. पण याच वाद्यांनी 1968 साली तोडी, भैरव, मालकंस वाजवले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती ध्वनिमुद्रिका म्हणजे शंकर-जयकिशन यांची 'रागा-जॅझ स्टाईल'. त्यांच्या चित्रपटगीतांच्या गजरात ती झाकलीच गेली.

जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत; न्यू ऑर्लीन्स शहरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते आकाराला आले. वादक एक चाल धरतो आणि तिच्यावर आयत्या वेळी सुचेल तसे रचत जातो. आपला गवई तरी दुसरं काय करतो? फरक आहे तो आधाराचा. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. जॅझमध्ये पियानोवर तीनचार स्वर एकदम दाबतात, आणि हा स्वरमेळ सारखा बदलतो. त्यात रागाबाहेरचा स्वर शिरायला कितीसा वेळ!

गुरुजींनी शाळेच्या पेटीवर एक करून पाहावे. कलावतीचे स्वर सा, ग, प, ध आणि कोमल नी. यांतले सा, ग, प, कोमल नी एकदम दाबा. जॅझवाल्यांचा लाडका मेळ तो हाच, आणि रागही अभंग राहिला! आता मालकंस घ्या. तिथे पंचम वर्ज्य. सवयीने सा-ग-प दाबले की राग मोडलाच. पियानोवाल्याला हात आवरावा लागतो. ही ओढाताण ऐकण्यातच खरी गंमत आहे, बरं का.

या ध्वनिमुद्रिकेत सतार रईस खान यांची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. ट्रंपेटवर जॉन परेरा, पियानोवर ल्युसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो आणि तबल्यावर रमाकांत. अशा वादकांची नावे चित्रपटाच्या पडद्यावर सहसा येत नसत.

उणे एकच. एका तबकडीत 11 राग कोंबले, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चारेक मिनिटे. मियाँमल्हाराला एवढ्यात काय होणार! तरी ती आता मोबाईलवरही मिळते. पहिल्यांदा नुसती सतार ऐका, दुसऱ्यांदा सतार थांबल्यावर सॅक्सोफोन काय म्हणतो ते ऐका.