झाडावरचं बाशिंग वाचवा, वाढवा

कोकणात आंब्याच्या कलमांवरून कोयता फिरतो, तेव्हा बांडगुळाबरोबर बाशिंगही खरवडलं जातं. बांडगूळ काढायलाच हवं. त्याची शोषकमुळं फांदीत शिरून झाडाचं पाणी आणि क्षार ओढतात. बाशिंग मात्र नेचे आहे. त्याची मुळं सालीला नुसती धरून असतात. झाडाकडून त्याला फक्त बसायला जागा हवी असते, आणि एवढ्यासाठी त्याला शत्रू ठरवणं मला फार खटकतं.

मग ते जगतं कशावर? एखादं बाशिंग जवळून पाहा. खोडाला बिलगलेली, बिनदेठाची वीतभर पानं लवकरच तपकिरी आणि कडक होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या मागच्या खोबणीत पाचोळा आणि धूळ साठते, कुजते आणि त्या खतमातीत मुळं पसरतात. आपली जमीन ते असं स्वतःच जमवतं. दुसरी पानं लांब, हिरवी, खोल कातरलेली. ती उलटी करा: शिरांच्या मधे तपकिरी ठिपक्यांच्या दोन-दोन ओळी दिसतील. ते बीजाणूंचे पुंजके.

बाशिंग वाढवायचं तर जंगलातून ओरबाडून आणू नये. वादळात मोडून पडलेल्या फांदीवरचं घ्यावं किंवा रोपवाटिकेतलं. झाड खरबरीत, टिकाऊ सालीचं निवडावं, आंबा उत्तम. पेरू आणि निलगिरीची साल सोलून पडते, तिच्यासोबत नेचेही खाली येतं. मृगाच्या सरी स्थिरावल्या की बोटभर जाडीचा, खवल्यांनी लवदार झालेला खोडाचा तुकडा, वाढता कोंब असलेला, सावलीतल्या बेचक्यात सालीला टेकवून काथ्याने बांधावा. तार नको, ती फांदीत रुतते. तुकडा मातीत पुरू नये, कुजतो. पावसाळाभर मुळं धरू लागतात; काथ्या पुढे आपोआप झिजतो.

पहिल्या उन्हाळ्यात बरेच जण घाबरतात. हिरव्या पानांची पाती गळून नुसते दांडे उरतात आणि सगळं वाळून गेल्यासारखं वाटतं. खवल्यांखालचं खोड मात्र जिवंत असतं. अधूनमधून पाण्याचा हलका फवारा द्यावा, वाळकी पानं अजिबात उपटू नयेत. पाऊस पडला की त्याच खोडातून नवे कोंब फुटतात.