जपानी भाषा आणि विकतचें सॉफ्टवेअर

परदेशी कुशल कामगारांसाठीं जपाननें २०१९ सालीं निवासाचा नवा परवाना सुरू केला आणि २०२१ सालीं भारताशीं त्याविषयीं करार केला. हा परवाना मिळविण्यास सामान्यतः जपानी भाषेच्या परीक्षेची चौथी पायरी, म्हणजे 'एन-४', किंवा तत्सम परीक्षा उतरावी लागते. तेव्हांपासून ही भाषा केवळ हौसेची राहिलेली नाहीं. कोल्हापुरांतील एखाद्या घरीं मुलगी मोबाइलवरील शिकवणीची वर्षाची वर्गणी मागूं लागली, म्हणजे आईवडिलांस साहजिकच प्रश्न पडतो कीं, हे पैसे कारणीं लागतील काय?

उत्तर देण्यापूर्वीं मराठी माणसास जपानीमध्यें काय सोपें व काय अवघड, हें पाहिलें पाहिजे. 'तोक्यो नि इकिमासु' हें वाक्य घ्या. 'नि' म्हणजे 'ला', 'इकिमासु' म्हणजे 'जातों', तोक्योला जातों! क्रियापद शेवटीं, प्रत्यय नामामागें, सारें मराठीच्याच वळणाचें. 'जेव' आणि 'जेवावें' यांतील आदराची पायरी आपण जाणतों, तशीच तेथेंही आहे. जपानी अक्षरमाला 'आ, इ, उ, ए, ओ' अशी सुरू होऊन 'का, सा, ता, ना' अशी पुढें जाते. बौद्ध भिक्षूंनीं केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचा तो ठसा होय. बहुतेक सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीच्या आधारानें शिकवितें, आणि घरीं असलेलीच वस्तु लांबच्या बाजारांतून आणल्यासारखें होतें.

अवघड भाग दोन. पहिला चित्रलिपीचा. ४६ मूळ अक्षरांच्या दोन मालिका कांहीं आठवड्यांत येतात; परंतु नित्य व्यवहाराचीं म्हणून २०१० सालीं ठरविलेलीं चिनी चिन्हें २१३६ आहेत, आणि एकाच चिन्हाचे उच्चार अनेक. पर्वताचें चिन्ह एरवीं 'यामा', तर फुजी पर्वताच्या नांवांत 'सान'. येथें यंत्र खरोखर उपयोगी पडतें. विसरण्याच्या बेतांत आलेलें चिन्ह तें नेमक्या वेळीं पुढें आणतें, आणि पाठ झालेलें मागें ठेवतें. शिक्षकास प्रत्येक विद्यार्थ्यासाठीं हें करणें अशक्य. परंतु हें काम करणारें 'आंकी' संगणकावर व अँड्रॉइड फोनवर विनामूल्य मिळतें. 'वानिकानी'च्या पहिल्या तीन पायऱ्याही फुकट आहेत. 'ड्युओलिंगो' जाहिराती सोसल्यास पैशांवांचून चालतें. जपानची नभोवाणी संस्था एनएचके सोपे पाठ मोफत देते.

दुसरा भाग कानाचा व जिभेचा. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीरु' म्हणजे बिअर. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या. 'बा' लांबविला कीं झाली आजी! मराठींत ह्रस्व-दीर्घ लिहितांना पाळतात, बोलतांना पुष्कळदां सोडतात. ती संवय येथें नडते. यंत्र बरोबर उत्तरास शाबासकी देतें, पण समोरचा माणूस गोंधळला, हें त्याला कळत नाहीं. शिवाय १९८४ पासून चालत आलेल्या त्या परीक्षेंत बोलण्याची चाचणीच नाहीं. पुण्याच्या केंद्रावर परीक्षा उतरलेली मुलगी वृद्धसेवेच्या कामावर गेली, आणि तेथील आजोबांचें कोठें दुखतें हें तिला समजलें नाहीं, तर प्रमाणपत्राचा उपयोग काय?

तेव्हां विवेक असा : पहिले तीन महिने पैसे भरूंच नयेत. विनामूल्य साधनांवर रोज अर्धा तास ठराविक वेळीं बसावें. दोन्ही अक्षरमाला न पाहतां लिहितां आल्या आणि घरच्या माणसांविषयीं दहा वाक्यें मोठ्यानें बोलतां आलीं, तर चिकाटी सिद्ध झाली. मग चित्रलिपीच्या उजळणीसाठीं एखादी महिन्याची वर्गणी भरावी. एकदम वर्षाची नव्हे. मोठी रक्कम मात्र शिक्षकासाठीं राखावी. शिवाजी विद्यापीठांत परकीय भाषा विभाग आहे. जपानीच्या वर्गाची चौकशी प्रथम तेथें करावी.

यंत्र स्मरणाचा चाकर आहे. चाकरास चाकराचें वेतन द्यावें. गुरूची दक्षिणा त्याच्या हातीं देऊं नये.