पालटलेल्या माणसाची मुलाखत

पालटलेला माणूस आपली हकीकत सांगूं लागला म्हणजे बहुधा निकालच आधीं सांगतो. ‘दारू सोडली’, ‘पूर्वीं जात पाळीत होतों, आतां पाळीत नाहीं’, ‘नोकरी टाकली आणि शेती धरली’. वाक्य खरें असतें. पण ऐकणाराच्या हातीं त्यांतून फारसें लागत नाहीं. हल्लीं खिशांतल्या फोनांतच चित्र आणि आवाज टिपण्याची सोय आहे. त्यामुळें एखाद्या कुटुंबानें मिळून अशा माणसांच्या मुलाखतींची मालिका काढावी, ही कल्पना सहज सुचते. ताईनें प्रश्न विचारावे, धाकट्यानें कॅमेरा सांभाळावा, वडिलांनीं ओळखीपाळखींतून माणसें मिळवावीं आणि आठवड्याला एक व्हिडिओ लोकांपुढें ठेवावा, असा बेत ठरावयास एक संध्याकाळ पुरते. यंत्राचा भाग खरोखरच सोपा झाला आहे. निकालाच्या मागें जाऊन प्रत्यक्ष काय घडलें तें काढून घेणें, हा भाग मात्र पूर्वीं होता तेवढाच कठीण आहे.

शिकागोचा स्टड्स टर्केल हा या कलेंतला उस्ताद. १९५२ पासून १९९७ पर्यंत तो तेथील डब्ल्यू. एफ. एम. टी. या नभोवाणी केंद्रावरून लोकांशीं बोलत असे, आणि ध्वनिमुद्रक घेऊन हिंडून सामान्य माणसांच्या मुलाखतींचीं त्यानें पुस्तकें केलीं. ‘अमेरिकन ड्रीम्स : लॉस्ट अँड फाउंड’ या १९८० सालच्या पुस्तकांत सी. पी. एलिस याची मुलाखत आहे. एलिस हा उत्तर कॅरोलायनांतील डरहॅम शहरचा; कृष्णवर्णीयांचा द्वेष हेंच ज्या संघटनेचें ब्रीद, त्या कू क्लक्स क्लॅनचा स्थानिक पुढारी. १९७१ सालीं शाळांतील वर्णभेद मोडण्याच्या प्रश्नावर तेथें दहा दिवस सभा भरल्या. त्यांचें अध्यक्षपद एलिस आणि कृष्णवर्णीयांची झुंजार कार्यकर्ती ॲन ॲटवॉटर या दोघांकडे मिळून आलें. सभांच्या अखेरीस एलिसनें सर्वांसमक्ष आपलें सदस्यपत्र फाडलें. पुढें तो कामगारसंघाचा कार्यकर्ता झाला, आणि त्या संघाचे बरेचसे सभासद कृष्णवर्णीय होते.

हा झाला निकाल. मुलाखतींत एलिस निराळेंच सांगतो. गिरणींत राबून अकालीं गेलेला बाप, कर्ज काढून घेतलेला पेट्रोलपंप, आठवडाभर काम करूनहि न भागणारा संसार. आणि मग क्लॅनमध्यें गेल्यावर, आपणहि कोणी तरी आहों, असें प्रथमच वाटणें. शहरांतील बडे लोक त्याला दूरध्वनीवरून शाबासकी देत. एके दिवशीं त्यांच्यापैकींच एक गृहस्थ रस्त्यांत समोरून आला आणि एलिसला पाहतांच पलीकडच्या बाजूला निघून गेला. आपला उपयोग करून घेतला जात आहे, हा संशय त्याच्या मनांत तेथें शिरला. पुढें सभांच्या दिवसांत तो आणि ॲटवॉटर बोलत बसलीं असतां दोघांनाहि कळलें कीं, आईबापांच्या उद्योगापायीं दोघांचींहि मुलें शाळेंत हिणविलीं जात आहेत. ‘तुमचें मन कसें पालटलें?’ एवढ्याच प्रश्नाच्या उत्तरावर जो थांबेल, त्याला रस्ता ओलांडणारा तो गृहस्थ कधींच भेटावयाचा नाहीं.

टर्केल आणखी एक प्रसंग सांगत असे. गरिबांच्या वसाहतींत त्यानें एका आईची मुलाखत घेतली. भोंवतीं बागडणाऱ्या मुलांना आईचा आवाज यंत्रांतून ऐकावयाचा होता, म्हणून त्यानें तो ऐकविला. तेव्हां त्या बाईनें तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली कीं, आपल्याला असें वाटतें हें आपल्यालाच ठाऊक नव्हतें.

हें परक्या माणसाला साधतें, तर घरच्यांनीं त्यांत कां पडावें? याचें उत्तर २००३ सालीं न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांत उघडलेल्या एका लहान खोलींत सांपडतें. डेव्ह आयझे यानें काढलेल्या ‘स्टोरीकोर’ या संस्थेची ती खोली. उद्घाटनाला एक्याण्णव वर्षांचा टर्केल हजर होता. एकमेकांच्या ओळखीचीं दोन माणसें तेथें चाळीस मिनिटें बोलत. मुद्रणाची एक प्रत त्यांना मिळे, आणि त्यांची संमति असल्यास दुसरी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें जाई. नातीनें विचारलेल्या प्रश्नाला आजोबा जें उत्तर देतात, तें पत्रकाराला देत नाहींत. आपल्याकडेहि लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, तीं मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहामुळें. पतीनें १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांनीं स्वतः १९०० सालीं. मधल्या वर्षांतील मनाची उलथापालथ त्यांनीं शिवाशिवीच्या आणि खाण्यापिण्याच्या लहान लहान प्रसंगांतून दाखविली आहे.

घरच्या माणसाचा दोष इतकाच कीं, उत्तर ठाऊक असल्यामुळें तो प्रश्नच गाळतो, नाहीं तर दुसऱ्याचें उत्तर स्वतःच देऊन टाकतो. ‘मामा, तुम्हीं दारू सोडलीत तेव्हां तुम्हांला किती बरें वाटलें असेल!’ या प्रश्नाला मामांनीं होय म्हणण्यापलीकडे काय करावें? ‘मामा, त्या दिवशीं सकाळीं घरीं कोण कोण होतें?’ असें विचारून भाचीनें गप्प बसावें. मामाहि कांहीं वेळ गप्प बसतील. ती शांतता भरून काढण्याची घाई करूं नये. पुढचें वाक्य बहुधा तिच्यातूनच निघतें.

यंत्राविषयीं थोडक्यांत आटोपतां येईल. लोक धूसर चित्र सहन करतात, अस्पष्ट आवाज सहन करीत नाहींत. म्हणून पहिला खर्च सदऱ्याला लावावयाच्या लहानशा माइकवर करावा. पंखा बंद ठेवावा, कुकर मागाहून लावावा, खिडकी बोलणाराच्या समोर असावी. विचारणारानें कॅमेऱ्याला अगदीं लागून बसावें, म्हणजे बोलणाराची नजर माणसावर राहते. इतरांनीं खोलींत बसलें तरी मध्यें बोलूं नये. ही अट घरांतील वडील मंडळींना फार जड जाते.

खरी अडचण मुद्रण संपल्यावर सुरू होते. मामांच्या कथेंत मामी असते. तिनें काढलेलीं दहा वर्षें मामा एका वाक्यांत सांगून मोकळे होतात, आणि पाहणारे त्यांच्या धैर्याची वाहवा करतात. मामीला निराळें विचारलें पाहिजे, आणि तें आधीं कॅमेरा बंद ठेवून. शिवाय पालट हा कायमचा झाला, हें कोणीं ठरवावें? १९३५ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मंडळानें १९५० सालीं बारा परंपरा मान्य केल्या. त्यांतील अकरावीप्रमाणें सभासदानें वृत्तपत्रें, नभोवाणी आणि चित्रपट यांतून आपली ओळख देऊं नये. जाहीर आदर्श झालेला माणूस पुन्हां घसरला तर त्याच्याबरोबर इतरांचाहि धीर सुटतो, हा त्यामागील एक व्यावहारिक विचार. सहा महिन्यांपूर्वीं दारू सोडलेल्या माणसाचा चेहरा लोकांपुढें मांडण्यापूर्वीं मालिका काढणाऱ्या घरानें हें ध्यानांत घ्यावें. माणूस घसरला तरी व्हिडिओ तसाच फिरत राहतो. वर्षभर थांबल्यानें मालिकेचें कांहीं बिघडत नाहीं.

म्हणून कापून जोडून तयार झालेला व्हिडिओ प्रथम मामा आणि मामी यांना शेजारीं बसवून दाखवावा, आणि होकार त्याच बैठकींत मागूं नये. आठ दिवस जाऊं द्यावे. मामीनें एखादा भाग नको म्हटलें, तर तो मुलाखतींतील सर्वांत सरस भाग असला तरी काढावा. अख्खें मूळ मुद्रण, तारीख आणि नांव घालून, दोन प्रतींत त्यांच्याच स्वाधीन करावें.