आजीची गाणी आणि माळ्यावरची ट्रंक

रविवारी सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावन भुरभुरलं की आमच्या इंदूरच्या घरात भांडण ठरलेलं. ताईच्या मोबाइलवर नवं गाणं धडधडतं आणि आजी कानांवर हात ठेवते. "ही काय गाणी? गाणी होती आमच्या वेळची!" तिचा तोरा थोडा चालवून घ्यावा लागतो. लता मंगेशकरांचा जन्म इथलाच, २८ सप्टेंबर १९२९ चा. किशोरकुमारही इथल्याच ख्रिश्चन कॉलेजात शिकले.

परवा माळ्यावरची ट्रंक उघडली. आत आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आणि वीस काळ्या, जड तबकड्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. कशाच्या सांगा? लाखेच्या! पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर इवलेसे किडे राहतात, त्यांच्या अंगातून पाझरते ती लाख. बांगड्यांची असते तीच. तिच्यात दगडाची पूड वगैरे कालवून तबकडी करत. हातातून सुटली की खळ्ळकन तुकडे!

भिंगातून पाहिलं, तर एकच बारीक खाच गोल गोल फिरत आत गेलेली, आणि तीही नागमोडी. गाताना हवा जशी थरथरली, तशीच ही वळणं. सुई त्यातून धावताना पुन्हा तशीच थरथरते आणि गाणं जागं होतं.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. आजी म्हणते, "गाणी कशी आटोपशीर होती!" अगं, जागाच संपायची ना!

पहिली तबकडी लावली. आजी गुणगुणायलाच लागली. "हे आलं तेव्हा मी सतराची होते." इथे मेंदूची एक गंमत आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणीही जास्त ठळक राहतात. १९८९ मध्ये हॉलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी वेगवेगळ्या वर्षांची गाणी लोकांना ऐकवली. सर्वांत जास्त कोणती आवडली? ऐकणारे साधारण चोविशीत असताना गाजलेली! ताई सोळाची आहे. तिनं हे ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, जणू खटला जिंकली.

मग तीच तबकडी उलटली. कुणीतरी रडक्या सुरात गात होतं. आजी म्हणाली, "हे कुणाचं? बंद कर रे."

आम्हाला चेवच चढला. एकामागून एक साऱ्या तबकड्या वाजवल्या. वीस तबकड्या, दोन बाजू, चाळीस गाणी. आजीनं ओळखली अकरा. ती खरोखर सुरेख होती, मीही परत परत ऐकली. उरलेली एकोणतीस? तीही तितकीच जुनी होती.